खुट्टबाईंचा रेकॉर्डर

सिनेमाच्या आवाजाचं काम करणारे लोक दुरुस्तीवाल्या बाईंना खुट्टबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकतही नव्हती. नाव पडलं ते त्यांच्या कानांमुळे. मशीन दुरुस्त झालं की त्या हेडफोन चढवून, डोळे मिटून दहा-पंधरा मिनिटं बसायच्या. समोरच्याला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. मग बाई एका कानावरचा हेडफोन सरकवून म्हणायच्या, "आत्ता खुट्ट झालं. परत उघडावं लागेल." आणि उघडल्यावर खरंच कुठल्यातरी तारेचा सांधा सैल निघायचा.

दुकान दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत टेबल, मोठं भिंग, सोल्डरिंगचं सामान आणि मालकांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेली आजारी मशीनं. आतल्या खोलीच्या भिंतींना, दाराला, अगदी छतालाही जुन्या गाद्या ठोकलेल्या. तिला सगळे शांत खोली म्हणत. खाली इस्त्रीवाला होता. तो वाफ कधी सोडतो ते बाईंना पाठ होतं. तेवीस वर्षं त्या दुसऱ्यांनी बनवलेली मशीनं बरी करत आल्या होत्या. आपण एखादं बनवावं असं कधी मनात आलं नव्हतं. ते आलं चोपन्नाव्या वर्षी, आणि निमित्त झाला लंबू.

लंबू शूटिंगच्या जागी आवाज टिपायचा. दुकानाच्या दाराची चौकट दर वर्षी निदान एकदा तरी त्याच्या कपाळावर बसायची. एका सकाळी तो आला तो खाली वाकून, रेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून, आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "ताई, आवाज गेला."

"मशीनचा?"

"मशीन ठीक आहे. टेक गेला."

बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं, मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सिनेमात एक म्हातारी विणकरीण होती. नटी नव्हे, खरीच विणकरीण, स्वतःचंच काम करणारी. पुरात वाहून गेलेल्या आपल्या भावाची हकिकत ती कॅमेऱ्यासमोर सांगत होती. आजवर कुणाला सांगितली नव्हती. चार मिनिटं ती बोलली. सगळे श्वास रोखून उभे होते. शेवटाला कॅमेऱ्यापाशी उभा असलेला एकजण जरा मागे सरकला, त्याच्या पायात बॅटरीची तार अडकली आणि रेकॉर्डर बंद पडला. पुन्हा चालू करून पाहिलं तर कार्डावर त्या टेकचा मागमूस नव्हता.

"परत बोलायची विनंती केली असेल ना?"

"दिग्दर्शिकेनं पाय धरायचे बाकी ठेवले. आजी म्हणाल्या, सांगितलं ना एकदा. आणि उठून मागावर जाऊन बसल्या." लंबूनं कार्ड टेबलावर ठेवलं. "तुम्ही यातून काही काढू शकाल?"

त्या गडबडीत त्यानं मशीन चालतंय का ते बघायला त्याच कार्डावर पुन्हा रेकॉर्डिंग केलं होतं. म्हणजे जे काही उरलं असेल त्यावरच पाणी फिरलं होतं. तरी बाईंनी तीन दिवस इतर सगळी कामं बाजूला ठेवून त्या कार्डाचा कानाकोपरा धुंडाळला. हाती लागले अकरा सेकंद. तेही तुकड्यातुकड्यांत. मागाचा खडखडाट, "पाणी" एवढाच एक शब्द, आणि शेवटच्या तुकड्यात म्हातारीचा स्वच्छ, कोरडा आवाज: "मग तो म्हणाला, तू हो पुढं."

तो तुकडा बाईंनी पुन्हा पुन्हा लावून ऐकला.

त्यांना टोचत होतं ते वेगळंच. या मशीनची तपासणी महिनाभरापूर्वी त्यांनीच केली होती. खाली त्यांच्या सहीची चिठ्ठी होती: ठीक आहे. आणि मशीन खरोखरच ठीक होतं. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, त्याचं सभ्य उत्तर आलं की मशीन ठरल्याप्रमाणेच वागलं आहे, आणि तसंही हे मॉडेल आता बंद झालं आहे. ठरल्याप्रमाणे म्हणजे कसं, ते बाईंना माहीत होतं. आवाज कार्डावर सतत उतरत असतो, पण तो कुठे ठेवलाय याची नोंद मशीन शेवटी, थांबवल्यावर करतं. त्याआधी वीज गेली तर आवाज कार्डावर पडलेला असतो आणि त्याचा पत्ता कुणालाच ठाऊक नसतो. बनवणाऱ्यानं ते तसंच ठरवलं होतं. तेवीस वर्षं बाई ते ठीक आहे म्हणून सही करत आल्या होत्या.

दुपारी जेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी नवीन मशीन करणार आहे."

नवरा बस खात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर त्यानं बसची वेळापत्रकं बसवली होती आणि कुठल्याच बातमीनं त्याची गाडी कधी चुकत नसे.

"दुरुस्त करणार म्हणतेस?"

"नाही हो. नवीन. मुळापासून."

त्यानं घास संपवला. "घरातली किती जागा लागेल?"

"सध्या तुमचं कपाट."

"बरं," तो म्हणाला, आणि संध्याकाळी खरोखरच कपाट रिकामं करून दिलं.

बाईंना वीज कळत होती, आवाज कळत होता. धातूकाम आणि प्रोग्रॅम कळत नव्हते. पण घरात माणसं होती. थोरला भाऊ लेथ आणि मिलिंगचं वर्कशॉप चालवायचा, आणि त्याची मुलगी, म्हणजे बाईंची भाची, कपडे धुण्याच्या मशीनचे प्रोग्रॅम लिहायची. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती, पण घरचे तिला धोबीणच म्हणायचे. बाईंनी तिला म्हातारीच्या टेकची हकिकत सांगितली तेव्हा ती हसली नाही, पण तिला गंमत वाटल्याचं दिसलं.

"आत्या, आमच्या मशीनची वीज अर्ध्यात गेली, तर परत आल्यावर आपण कितव्या फेरीत होतो हे त्याला आठवायला लागतं. नाहीतर लोकांचे कपडे साबणातच राहतील. आठ वर्षं मी दुसरं काय करतेय?"

"मग माझ्या मशीनला शिकव."

भाचीनं शिकवलं. नोंद शेवटी न करता दर सेकंदाला करायची. त्यात बाईंनी वीज साठवून धरणारे चार छोटे कपॅसिटर घातले, म्हणजे बॅटरी निघाली तरी मशीन तीन सेकंद तग धरेल आणि हातातलं काम पुरं करून मगच डोळे मिटेल. चाचणीला नवऱ्याला माइकपुढे बसवलं. त्याच्या आवाजात चढउतार नावाला नव्हता, त्यामुळे तो उत्तम होता. काय वाचू, असं त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पाठ असलेलं वेळापत्रकच सुरू केलं. "पाच वाजून दहा, नदीकाठ. पाच वाजून बावीस, जुना पूल. पाच वाजून—" इथे भाची बॅटरी उपटायची. मग मशीन चालू करून ऐकायचं. शेवटची बस दर वेळी सापडत होती. असं त्यांनी पाचशे वेळा केलं. सुट्टीच्या चार दुपारी गेल्या आणि नवऱ्याचा घसा बसला, पण एकही टेक हरवला नाही.

लंबूला बोलावून दाखवलं तर तो गाणंच म्हणायला लागला. बाई मात्र हेडफोन घालून शांत खोलीत गेल्या, आणि पंधरा मिनिटांनी बाहेर आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं.

"टिक् टिक् येतंय," त्या म्हणाल्या. "दर सेकंदाला."

आता हे त्यांच्या स्वतःच्याच युक्तीनं ओढवलेलं. नोंद लिहिताना कार्ड एकदम वीज ओढायचं आणि त्या झटक्याची सावली शेजारच्या माइकच्या भागात पडायची. टेक वाचवणारी गोष्टच टेकमध्ये डाग पाडत होती. भाचीनं कान देऊन ऐकलं, तिला काही ऐकू आलं नाही. लंबूनं आवाज पार वर नेऊन ऐकलं, तेव्हा कुठे त्याला आलं.

"ताई, रस्त्यावर, वाऱ्यात, माणसं बोलत असताना हे कोण ऐकणार?"

"आणि माणूस बोलता बोलता गप्प बसला तर?"

लंबूनं आवाज पुन्हा खाली आणला. त्याच्या धंद्यात माणसाच्या गप्प बसण्याला केवढी किंमत असते हे त्याला बाईंनी सांगायला नको होतं.

भाचीनं दुसरा उपाय काढला. नोंद नेमक्या सेकंदाला न करता मागेपुढे करायची, म्हणजे ठेका राहणार नाही आणि कानाला सापडणार नाही. करून दाखवलंही. बाईंनी ऐकलं आणि मान हलवली.

"चोर रोज वेगळ्या वेळी यायला लागला म्हणून तो पाहुणा होत नाही. लपवायचं नाहीये, थांबवायचंय."

त्यानंतरचे पाच महिने त्या टिक्‌च्या मागे गेले. सकाळी गिऱ्हाइकांची दुरुस्ती, दुपारी इस्त्रीवाला जेवायला गेला की आपलं काम. बाईंनी दोन्ही भागांना वीज वेगवेगळी दिली. टिक् बारीक झालं, गेलं नाही. तारा बदलल्या, विजेतली खरखर गाळणारे फिल्टर घातले, सर्किट बोर्डाचा नकाशा नव्यानं आखला. अकरा बोर्ड झाले. प्रत्येकावर तारीख आणि शेरा: 'आहे.' 'आहे.' 'थोडं आहे.' भाची एकदा वैतागून म्हणाली, "आत्या, आता पुरे की. जगातल्या चांगल्या मशीनांतसुद्धा एवढं असतं."

"असेल. मी त्यांच्यावर सही करत होते. आता नाही करणार."

बारावा बोर्ड करताना हातून कार्डाचा भाग चुकून अर्धवट सुटला आणि तारांना लोंबकळत राहिला. बाईंच्या कानावर हेडफोन होते. टिक् एकदम नाहीसं झालं. त्यांनी तो भाग जवळ आणला, टिक् आलं. लांब नेला, गेलं. वीतभर अंतर ठेवलं की काम होत होतं. पण वीतभर अंतर ठेवलं तर मशीन सुटकेसएवढं झालं असतं, आणि ते गळ्यात अडकवून लंबूला दिवसभर उभं राहायचं होतं. मग अंतराऐवजी भिंत हवी, एकसंध धातूची.

त्या भावाच्या वर्कशॉपवर गेल्या.

"दादा, अॅल्युमिनियमच्या एका ठोकळ्यातून पेटी कोरून हवीय. आत दोन कप्पे, मधली भिंत त्याच ठोकळ्यातली."

भावानं चष्मा कपाळावर चढवला. "एका ठोकळ्यातून? अगं, बारा आणे माल कीस होऊन जमिनीवर पडेल. दोन पेट्या करतो आणि जोडतो ना."

"जोडलं की फट आली. फट आली की टिक् आलं."

"मला नाही दिसत फट."

"तुला दिसत नाही, मला ऐकू येते."

तो चिडला. चाळीस वर्षं आपल्या जोडाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि आता सख्खी बहीणच ठेवत होती. त्यानं हट्टानं जोडाचीच पेटी करून पाठवली. बाईंनी ती बसवली, ऐकली, आणि हेडफोनसकट त्याच्याकडे घेऊन गेल्या. त्याचं वय सदुसष्ट, निम्मे कान लेथनं खाल्लेले. त्याला काय ऐकू येणार? तो पाच मिनिटं हेडफोन लावून बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत बसला. मग हेडफोन काढून म्हणाला, "ठोकळा केवढा हवा?"

कोरीव पेटी आली ती गुळगुळीत, थंड, मधल्या भिंतीला सुईएवढं एकच भोक. तारा तेवढ्यातूनच जायच्या. बाई शांत खोलीत शिरल्या आणि चाळीस मिनिटं बाहेर आल्या नाहीत. शेवटी नवऱ्यानं दार ढकलून डोकावून पाहिलं.

"झोपलीस का?"

"काही नाहीये," बाई म्हणाल्या. "काहीच नाहीये हो इथं." आणि त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा कुठे त्याला कळलं की ही आनंदाची बातमी आहे.

एवढ्यावर निभावलं असतं तर बरं झालं असतं. लंबू मशीन घेऊन डोंगरातल्या कुरणावर गेला. भयंकर थंडी, हातात जाड मोजे. पहिल्याच दिवशी त्यानं नटाच्या माइकचा आवाज जरा वर घ्यायला नॉब फिरवला आणि शेजारचा नॉबही बोटाबरोबर फिरला. मेंढपाळाचं काम करणारा नट ओरडला तो आवाज फाटका, चिरका उतरला. तेवढ्यात सूर्य ढगाआड गेला आणि टेक पुन्हा घेता आला नाही.

परत आल्यावर लंबू हे सांगायला आढेवेढे घेत होता. इकडचं तिकडचं कौतुक करून झालं. बाईंनी त्याला मध्येच अडवलं.

"काय बिघडलं ते बोल."

त्यानं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. वीज, कार्ड, टिक्, सगळं जिंकून झालं होतं, आणि टेक गेला होता त्यांनी दोन नॉब बोटभर जवळ बसवले म्हणून. टेबलाशी बसून काम करणाऱ्या बाईनं टेबलावरच्या हातांसाठी मशीन केलं होतं. त्या दिवशी त्यांनी दुसरं काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाजारातून लोकरीचे जाड मोजे घेऊन आल्या आणि पुढचे दोन आठवडे दुकानात मोजे घालूनच वावरल्या. भर उन्हाळ्यात. स्क्रू फिरवणं, फोन उचलणं, चहा पिणं, सगळं मोज्यांनी. इस्त्रीवाल्यानं नवऱ्याला बाजूला घेऊन काळजीनं चौकशी केली.

समोरची पट्टी नव्यानं झाली. नॉब कमी केले, लांब लांब बसवले, आणि प्रत्येकाची कड वेगळ्या कोरणीची केली, म्हणजे न बघता बोटाला ओळखू यावी. भावानं या वेळी एका शब्दानं वाद घातला नाही. उलट एका नॉबची कोरणी त्याला पसंत पडली नाही, म्हणून ती त्यानं आपण होऊन तीनदा केली.

मग आलं ते नावेवरचं शूटिंग. बाप आणि मुलगी नदी ओलांडताहेत आणि बाप आयुष्यात पहिल्यांदा तिची माफी मागतोय, असा सहा मिनिटांचा सलग टेक. पाण्यावर संध्याकाळचा उजेड उरला होता तो एकदाच पुरेल एवढा. बापाचं बोलणं संपलं, मुलगी गप्प राहिली, नाव किनाऱ्याजवळ आली आणि धक्क्याला जोरात आदळली. लंबू गुडघ्यावर पडला. त्याच्या कमरेची बॅटरी तुटून नदीत गेली.

ही बातमी बाईंना लंबूकडून नाही, संकलन करणाऱ्या बाईंकडून फोनवर कळली. "सगळं आहे हो. माफी आहे, नंतरची मुलीची शांतता आहे, वल्ह्याचं पाणी गळतंय ते आहे. मग आदळल्याचा आवाज, आणि मग तुमच्या लंबूची अर्धी शिवी."

"अर्धी?" बाईंनी विचारलं.

"हो. मग संपलंच."

"अर्धी कशी? बॅटरी गेल्यावर तीन सेकंद मिळायला हवेत. शिवी पूर्ण यायला हवी होती."

पलीकडच्या बाई हसायला लागल्या, पण या हसल्या नाहीत. फोन ठेवून त्यांनी भाचीला बोलावलं. दोन दिवसांत सापडलं: मशीन तीन सेकंद जगत होतं, पण माइकला जाणारी वीज आधीच मरत होती. तेही दुरुस्त केलं. नवऱ्याला पुन्हा माइकपुढे बसवलं, आणि पाच वाजून बावीसची बस जुन्या पुलापर्यंत पूर्ण पोचली तेव्हाच उठू दिलं.

नावेवरच्या टेकची गोष्ट धंद्यात पसरायला वेळ लागला नाही. आवाजवाले एकेक करून दुसऱ्या मजल्यावर चढायला लागले. भाचीनं धुण्याच्या मशीनची नोकरी सोडून आत्याकडे टेबल मांडलं, आणि बाईंनी गिऱ्हाइकांची जुनी मशीनं दुसऱ्या दुरुस्तीवाल्यांकडे वाटून दिली. महिन्याला दोन पेट्या भावाकडून यायच्या. तो त्याहून जास्त करायला तयार नव्हता आणि दुसऱ्या कुणाला करू द्यायलाही. एका मोठ्या कंपनीचा माणूस सगळं काम एकरकमी विकत घ्यायला आला होता. पेटी जोडाची केली तर फार सोपं जाईल, असं तो बोलता बोलता म्हणाला. बाईंनी त्याला चहा पाजला आणि जिन्यापर्यंत सोडून आल्या.

एकतिसावं मशीन बाहेर पडलं त्या महिन्यात नववं परत आलं, दुरुस्तीला. त्यांच्या स्वतःच्या मशीनपैकी परत आलेलं हे पहिलं. जंगलात तीन महिने राहून आलं होतं, हेडफोनमध्ये खरखर येते अशी तक्रार होती. भाचीचा चेहरा कसनुसा झाला. बाईंनी भिंग ओढलं, स्क्रू काढले, झाकण उचललं. हेडफोनच्या भोकातून आत शिरून मुंग्यांनी मधल्या भिंतीच्या आडोशाला अंड्यांसकट संसार थाटला होता.

भाचीनं तोंडावर हात ठेवला. बाईंनी मुंग्यांकडे थोडा वेळ पाहिलं, मग वही ओढून नवीन पान काढलं आणि लिहिलं: भोकाला आतून बारीक जाळी, हेडफोनची पिन न अडवणारी.

"दादाला फोन लाव," त्या म्हणाल्या, आणि मऊ कुंचल्यानं एकेक मुंगी कागदावर उतरवून घ्यायला लागल्या.